कालनिर्णय, खिचडी आणि लेफ्ट जॉइन

'खाडा' हा शब्द मला हॉस्टेलमध्ये आल्यावर कळला. शाळा कॉन्व्हेंटची, आणि घरी दुधाचा हिशोब आजी बघायची. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मेसच्या काकांनी विचारलं, "ताई, उद्या खाडा आहे का?" तेव्हा मला वाटलं पेढ्यासारखा काहीतरी पदार्थ असणार, आणि मी म्हटलं, "हो, दोन द्या!" (रूममेट ही गोष्ट अजून प्रत्येक नव्या ज्युनियरला सांगते.)

तर मित्रांनो, ज्यांचं माझ्यासारखं झालं असेल त्यांच्यासाठी : खाडा म्हणजे चुकलेला दिवस. दूधवाला आला नाही, बाई कामाला आल्या नाहीत, आपण मेसमध्ये जेवलो नाही, की तो खाडा. महिन्याच्या शेवटी खाडे मोजायचे आणि पैसे वजा करायचे. आपल्या आज्यांना हे सहज जमायचं. आम्हाला मात्र एक अख्खा डेटाबेस बनवूनही ते जमलं नाही. का जमलं नाही, तीच ही कथा.

डीबीएमएसचा मिनी प्रोजेक्ट म्हणून आम्ही चौघींनी हॉस्टेलच्या मेससाठी नोंदणी केली. आय-कार्डवरचा बारकोड काउंटरवर स्कॅन करायचा, की 'जेवण' नावाच्या टेबलमध्ये एक ओळ पडते : विद्यार्थी क्रमांक, तारीख, वेळ. रात्रीच्या जेवणापुरतंच केलं होतं, कारण सकाळी घाईत कोणी कार्ड काढत नाही. रजिस्टरवरच्या सह्या बंद झाल्या आणि सर खूश झाले. मग जुलैच्या शेवटी मेस कमिटीने पहिला रिपोर्ट मागितला : रोज किती ताटं गेली, एकूण किती, सरासरी किती.

क्वेरी काय, दोन मिनिटांचं काम! तारीख घ्या, ओळी मोजा, ग्रुप बाय तारीख. उत्तर आलं. एकूण ४,८६० ताटं, सरासरी १८०. एक्सेलमध्ये छान सरळसोट ग्राफ काढला आणि मेल करून टाकला. दुसऱ्या दिवशी रेक्टर मॅडमनी फोन करून एवढंच विचारलं, "जुलैमध्ये दिवस किती असतात गं?"

आमच्या रिपोर्टमध्ये ओळी होत्या २७.

चार तारखा गायब! १५, १६, २२ आणि २३. एरर नाही, वॉर्निंग नाही, रिकामा रकाना नाही. १४ नंतर थेट १७. ग्राफमध्येही आम्ही तारखांचा मजकूर करून टाकलेला असल्याने १४ चा ठिपका १७ च्या ठिपक्याला शेजाऱ्यासारखा चिकटलेला होता. चौघींपैकी एकीलाही ते दिसलं नाही. लाज वाटली, पण डोकं खाजवल्यावर कळलं की यात डेटाबेसची काहीच चूक नाही.

ग्रुप बाय काय करतं? हॉस्टेलला आलेली पत्रं आणि कुरिअर वॉचमन मामा रूमप्रमाणे लावतात, तेच. पत्र उचलायचं, रूम नंबर बघायचा, त्या गठ्ठ्यात टाकायचं. ज्या रूमला पत्र आलं नाही तिचा गठ्ठा रिकामा नसतो, तो नसतोच. मामांच्या हातात फक्त पत्रं आहेत. हॉस्टेलमध्ये एकूण खोल्या किती, हे पत्रांवरून कसं कळणार? त्यासाठी ऑफिसातली खोल्यांची यादी लागते. तसंच आमच्या 'जेवण' टेबलला जेवणं माहीत होती, दिवस माहीत नव्हते. १५ जुलै नावाचा दिवस जगात असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगायला हवी दिनदर्शिका. आपल्या घरोघरी भिंतीवर जे कालनिर्णय असतं ना, (१९७३ मध्ये जयंतराव साळगांवकरांनी सुरू केलेलं,) ते डेटाबेसच्या भाषेत चक्क एक कॅलेंडर टेबल आहे. महिना सुरू व्हायच्या आधीच सगळे चौकोन छापून तयार. आजी त्यात पेन्सिलीने 'दू. नाही' लिहायची. घडो न घडो, चौकोन आहेच! नोंद चौकोनात जाते, नोंदीतून चौकोन तयार होत नाही. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे 'दिनदर्शिका' नावाचं टेबल बनवायचं, त्यात एका दिवसाला एक ओळ. जागेची काळजी नको. १ जानेवारी २०२१ ते ३१ डिसेंबर २०४० अशी २० वर्षं भरली तरी ओळी होतात फक्त ७,३०५. मग दिनदर्शिकेला डावीकडे ठेवून लेफ्ट जॉइन करायचा. डावीकडची प्रत्येक ओळ येणारच, उजवीकडे जोडीदार मिळो न मिळो. मराठी विभाग आहे म्हणून क्वेरी देवनागरीत लिहिते. लॅबमध्ये अशीच टाइप करून एरर आली तर मला शिव्या घालू नका.

सिलेक्ट दि.तारीख, काउंट(ज.विद्यार्थी_क्रमांक)
फ्रॉम दिनदर्शिका दि
लेफ्ट जॉइन जेवण ज ऑन ज.तारीख = दि.तारीख
व्हेअर दि.तारीख बिटवीन '१ जुलै' अँड '३१ जुलै'
ग्रुप बाय दि.तारीख
ऑर्डर बाय दि.तारीख

दिसायला सोपं आहे, पण आम्ही यात तीनदा पडलो. कसे पडलो ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पहिल्यांदा आम्ही काउंटच्या कंसात नेहमीच्या सवयीने तारा टाकला. तारा ओळी मोजतो, आणि लेफ्ट जॉइनने रिकाम्या तारखेलाही एक ओळ दिलेली असते, सगळे रकाने नल असलेली. त्यामुळे गायब असलेल्या चारही दिवशी प्रत्येकी १ ताट! बंद मेसमध्ये कोण जेवून गेलं? रूममेट म्हणाली, भूत. म्हणून तारा नको, उजव्या टेबलमधला रकाना मोजायचा, नल असेल तर काउंट त्याला सोडून देतो.

दुसऱ्यांदा फक्त पहिल्या वर्षाच्या मुलींचा आकडा हवा होता, म्हणून उजव्या टेबलवरची ती अट व्हेअरमध्ये टाकली. झालं! तारखा पुन्हा गायब. कारण रिकाम्या दिवशी वर्षाचा रकाना नल असतो, नल काही 'पहिलं वर्ष' नसतं, आणि व्हेअर ती ओळ हाकलून देतं. लेफ्ट जॉइनने कष्टाने आणलेला पाहुणा दारातूनच परत. उजव्या टेबलची अट ऑनमध्येच लिहायची.

तिसरी चूक जरा खोडकर. आम्ही तारीख आणि वेळ एका रकान्यात करून बघितली. मग रात्री ८ वाजून १० मिनिटांची नोंद ही नुसत्या १२ जुलैबरोबर जुळेना, कारण नुसती १२ जुलै म्हणजे मध्यरात्रीचे शून्य वाजून शून्य मिनिटं. तिथे बरोबरीचं चिन्ह कामाचं नाही. 'त्या तारखेपासून पुढे आणि पुढच्या तारखेच्या आत' अशी अट लावायची. अशा रकान्यावर बिटवीन वापरलंत तर ३१ तारखेची जवळजवळ सगळी ताटं उडतात.

कायमचं टेबल नको असेल तर तारखा जागेवरच तयार करता येतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जनरेट सीरिज आहे, एका ओळीत काम. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून रिकर्सिव्ह पद्धत आली; ओरॅकलवाले कनेक्ट बाय लेव्हल वापरतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात १०० असते, त्यामुळे तीन महिन्यांचा रिपोर्ट चालतो आणि चार महिन्यांचा कोलमडतो. व्हायवाला विचारतात, लक्षात ठेवा. मला स्वतःला टेबलच आवडतं, का ते पुढे येईलच.

असो. ३१ ओळी आल्या, चार दिवशी शून्य. हुश्श! आम्ही रिपोर्ट दुसऱ्यांदा पाठवला. आता सरासरी १८० नाही, तर ४,८६० भागिले ३१, म्हणजे १५७ च्या आसपास. ग्राफ दोन ठिकाणी धाडकन जमिनीवर.

आणि इथे खरी गडबड झाली.

मेसच्या करारात एक कलम आहे. सरासरी १६५ च्या खाली गेली तर पुढच्या महिन्यापासून काकांचे दोन हेल्पर कमी करायचे. शिवाय बिल ताटांवर, ताटाला ६० रुपये. कमिटीने आमचा रिपोर्ट समोर ठेवला आणि काकांना बोलावलं. काका आले ते हातात एक तेलकट डायरी घेऊन. माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, पंधरा तारखेला लाइट नव्हती, मशीन बंद होतं. पण खिचडी तर तुम्ही स्वतः दोनदा घेतलीत!"

खरंच घेतली होती. लोणच्याबरोबर. १५ आणि १६ ला पावसाने अंधेरी सबवे बंद, आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी, हॉस्टेलची लाइट गेलेली. निम्म्या मुली लॅबमधून भिजत आल्या होत्या. काकांनी गॅसवर मेणबत्तीच्या उजेडात खिचडी टाकली आणि कोणाला कार्ड विचारलं नाही. डायरीत १५ ला १४०, १६ ला १५२ अशी ताटं लिहिलेली. एकूण २९२, म्हणजे १७,५२० रुपये. ते सगळं आम्ही एका कोअलेससारख्या शून्याने पुसून टाकलं होतं. आणि २२-२३ ला? तेव्हा किचनला रंग चालू होता, मेस खरोखर बंद. तिथे शून्यच बरोबर.

बघा, रिपोर्टमध्ये चारही दिवस अगदी सारखे दिसत होते. नोंद नाही म्हणजे नोंद नाही. पण दोन दिवस 'काही घडलं नाही' म्हणून रिकामे, आणि दोन दिवस 'घडलं, पण लिहिलं गेलं नाही' म्हणून रिकामे. लेफ्ट जॉइन दोन्ही ठिकाणी नल देतो, कारण त्याला तेवढंच कळतं. त्या नलचं शून्य करतो ते आपण. ते शून्य डेटाबेसमधून आलेलं नसतं, ती आपली साक्ष असते, आणि आम्ही ती न विचारता देऊन बसलो होतो.

सरासरीचं गणितही इथेच फिरतं. एसक्यूएलचं ॲव्हरेज नलला वगळतं आणि शून्याला धरतं. तेच ४,८६०, पण एकदा भागिले २७ आणि एकदा भागिले ३१. दोन्ही चूक. मेस चालू होती २९ दिवस, ताटं ४,८६० अधिक २९२, म्हणजे ५,१५२. सरासरी १७८ ला जराशी कमी. हेल्पर वाचले.

आता मला टेबल का आवडतं ते सांगते. नुसत्या जनरेट केलेल्या तारखेला काही चिकटवता येत नाही, पण टेबलमध्ये आणखी एक रकाना टाकता येतो. आम्ही 'स्थिती' टाकला : चालू, बंद, नोंद नाही. 'बंद' असेल तरच क्वेरी शून्य लिहिते. 'नोंद नाही' असेल तर रकाना रिकामा राहतो आणि ग्राफमध्ये रेष तुटते. 'चालू' असून ओळी नसतील, तर रिपोर्ट आम्हालाच विचारतो की काय झालं. स्थिती रोज रात्री काउंटरवरची मुलगी भरते. एक टिचकी मारायची, बस.

कोणीतरी म्हणेल, एवढं कशाला? शून्य नको तर शेजारच्या दिवसांची सरासरी भरा. १४ ला आणि १७ ला १८० च्या आसपास, मग मधल्या दोन दिवशीही १८० धरा. आमच्यातल्या एकीने हे सुचवलंही होतं. यावर आमच्या सरांनी जे उदाहरण दिलं ते मुंबईकरांच्या डोक्यातून जायचं नाही : २६ जुलै २००५. आमची बॅच तेव्हा जेमतेम जन्माला येत होती, पण घरोघरी ऐकलेलं आहे. आपल्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३. एकच शहर, एकच वेधशाळा खातं! आता कल्पना करा की त्या दिवशी सांताक्रूझची नोंदच झाली नसती आणि कोणी हुशाराने तो चौकोन कुलाब्यावरून भरला असता, किंवा आदल्या आणि नंतरच्या दिवसाच्या सरासरीवरून. उपनगरांचा तो पाऊस कागदावर झालाच नसता.

आणि नोंद हुकायची शक्यता नेमकी अशाच दिवशी जास्त असते. पाणी शिरतं, लाइट जाते, माणूस कामावर पोचत नाही. साध्या कोरड्या मंगळवारी नोंदवही नीट भरलेली असते. म्हणजे गायब तारखा लॉटरीसारख्या कुठेही पडत नाहीत. ज्या दिवशी काहीतरी वेगळं घडतं तोच दिवस गायब व्हायला टपलेला असतो. अशा दिवसाला 'नेहमीसारखा' आकडा भरणं म्हणजे तो दिवस नेहमीसारखा नव्हता ही एकमेव बातमी खोडणं. आमचा १५ जुलै हा त्याचाच छोटा भाऊ. १८० भरले असते तर काकांना ४० ताटं जास्त मिळाली असती, आणि गुडघाभर पाण्यात ४० मुली जेवणापर्यंत पोचल्याच नाहीत हे कोणाला कळलंही नसतं.

त्याच उदाहरणात आणखी एक गंमत आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. ते ९४४ मिलिमीटर म्हणजे २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचे. त्यामुळे ज्याला आपण सगळे '२६ जुलैचा पाऊस' म्हणतो तो खात्याच्या रोजच्या तक्त्यात २७ तारखेपुढे सापडतो. कोणी पावसाचा तक्ता घेऊन 'तारीख = तारीख' असा जॉइन केला, तर २६ ला बुडालेल्या शहरासमोर भलत्याच दिवसाचा पाऊस येऊन बसेल. तारीख भरायच्या आधी, 'दिवस' म्हणजे कधीपासून कधीपर्यंत, हे ठरवावं लागतं.

आपल्या पंचांगाने ते कधीच ठरवून ठेवलंय. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची तिथी. तिथीची लांबी मात्र सारखी नसते, साधारण १९ ते २६ तास. त्यामुळे कधी एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होते आणि पुढच्या सूर्योदयाआधीच संपते. तिला एकही दिवस मिळत नाही. तृतीयेनंतर थेट पंचमी, अगदी आमच्या १४ नंतर १७ सारखी! पण पंचांगकर्ता ती गुपचूप गिळत नाही. तो स्पष्ट लिहितो : क्षय. आमच्या 'स्थिती' रकान्याचा शोध आम्ही लावला असं मला वाटत होतं, तर तो पंचांगात आधीच बसलेला.

(अवांतर : युनिक्सच्या लॅबमध्ये कॅल कमांडला १७५२ चा सप्टेंबर विचारून बघा. २ नंतर थेट १४! इंग्रजांनी त्या महिन्यात जुनं कॅलेंडर सोडलं आणि ११ तारखा गाळल्या. मुंबई बेट तेव्हा कंपनीकडे होतं. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी साष्टी तेव्हा मराठ्यांकडे होती, त्यांच्या दप्तरात तिथी आणि शुहूर सन. म्हणजे माहीमच्या खाडीच्या एका काठाला ११ तारखा गायब आणि दुसऱ्या काठाला काहीच झालं नाही. पोस्टग्रेचं जनरेट सीरिज मात्र त्या ११ तारखा निवांत देतं, कारण ते आजचंच कॅलेंडर मागेपर्यंत ताणतं. जुन्या नोंदींवर प्रोजेक्ट करणाऱ्यांनी सावध!)

आता परत खाड्याकडे, कारण मुलींना खरा रस त्यातच. रोजची ताटं मोजायला दिनदर्शिका पुरली, पण खाडा हा माणसाचा असतो. १२ तारखेला १७९ जणी जेवल्या म्हणून १२ ची ओळ येते, मात्र जी एक जेवली नाही ती कुठेच दिसत नाही. म्हणून आधी दिनदर्शिका आणि विद्यार्थी यांचा क्रॉस जॉइन करायचा : प्रत्येक दिवस गुणिले प्रत्येक मुलगी. २०० मुली असतील तर ३१ दिवसांच्या ६,२०० ओळी. त्या पूर्ण चौकटीवर 'जेवण' लेफ्ट जॉइन करायचं, आणि जिथे स्थिती 'चालू' असूनही जोडीदार नल आला, तो खाडा. मेस बंद असलेल्या दिवशी खाडा धरायचा नाही, आणि 'नोंद नाही' च्या दिवशी कोणावरही खाडा लावायचा नाही, असं कमिटीने ठरवलं. दुसऱ्या निर्णयावर बराच वाद झाला. खिचडीच्या रात्री खरंच बाहेर राहिलेल्या मुलींचं म्हणणं होतं की आमचे ६० रुपये का जावेत. म्हणणं बरोबर आहे. त्यांनी लिहून दिलं तर खाडा मान्य, असं शेवटी ठरलं.

ऑगस्टची यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे तीन खाडे होते. मला आठवत होते दोन, गणपतीच्या खरेदीला घरी गेले होते ते. डायरी उघडून काकाही म्हणाले, "ताईंचे दोनच." मग शोधलं. सबमिशनच्या रात्री मी लॅबमधून उशिरा आले होते, काकांनी ताट झाकून ठेवलं होतं, आणि माझं कार्ड स्कॅन झालं बारा वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे १२ तारखेला खाडा आणि १३ तारखेला माझी दोन ताटं! आता आम्ही स्कॅनच्या वेळेतून चार तास वजा करून मग तारीख काढतो, म्हणजे मेसचा दिवस पहाटे चारला बदलतो. सर्व्हर आपल्या वेळेवर आहे ना, हेही त्याच दिवशी तपासलं. तो ग्रीनिचच्या वेळेवर असता तर साडेपाच तास मागे राहिला असता आणि पहाटेपर्यंतच्या सगळ्या नोंदी आपोआप आदल्या दिवशी गेल्या असत्या. म्हणजे माझा खाडा चुकून वाचला असता, पण त्यावर पुन्हा चार तास वजा केले असते तर सकाळी साडेनऊच्या आतलं सगळं आदल्या दिवशी गेलं असतं. सकाळच्या नाश्त्याची नोंदणी पुढच्या सेमला सुरू होतेय, तेव्हा हे लक्षात ठेवावं लागणार आहे.